चौथीनंतर घरी, सातवीला परत शाळेत: सोलापुरातलं एक प्रकरण

कुटुंब जुळे सोलापुरातलं. ओळख पटू नये म्हणून नावं, शाळा आणि काही बारकावे गाळले आहेत. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब सांभाळतात. आई बीएस्सी, लग्नाआधीपासून गणिताच्या शिकवण्या घेणारी. आजोबांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, शेवटची काही वर्षं जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारा, म्हणून. घरात आजी, हा मुलगा आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान बहीण. मुलाला चौथी संपताच, एप्रिल २०२३ मध्ये, शाळेतून काढलं. पाचवी आणि सहावी या दोन इयत्तांच्या वयात तो घरीच शिकला. बहीण मात्र नेमाने शाळेत जात राहिली. मे २०२५ मध्ये आई-वडील माझ्याकडे सल्ल्यासाठी आले ते एकच प्रश्न घेऊन: सातवीही घरीच करावी, की आता शाळेत घालावं?

होमस्कूलिंगचे फायदे-तोटे म्हटलं की दोन तयार याद्या समोर येतात. एका बाजूला मुलाचा वेग, मोकळीक, आवड. दुसऱ्या बाजूला मित्र नाहीत, शिस्त नाही, स्पर्धा नाही. याद्या खोट्या नाहीत, पण दोन्ही फक्त मुलाबद्दल बोलतात. या घरात मला जे दिसलं त्यातलं निम्मं तरी मुलाबद्दल नव्हतंच.

शाळा का सुटली

हा मुलगा पहिलीत गेला जून २०१९ ला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दुसरी आणि तिसरीचा बहुतेक काळ वडिलांच्या मोबाइलवर गेला, तोही वडील घरी असतील तेव्हा. चौथीला तो इंग्रजी माध्यमाच्या भरलेल्या वर्गात जाऊन बसला तेव्हा एबीसीडी यायची, शब्द जुळवता यायचे, पण इंग्रजीचं एक पान सलग वाचता येत नव्हतं. मराठी वाचन दुसरीच्या पोरासारखं. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असायचा. डायरीत रोज लाल शाईत 'इनकम्प्लिट'.

दिवाळीनंतर सकाळी पोटात दुखायला लागलं. सोमवारी उलटी. डॉक्टरांना काही सापडलं नाही. रविवारी पोट ठणठणीत. बाई वाईट नव्हत्या, हे आईनं स्वतःहून सांगितलं. त्यांना वर्ग पुढे न्यायचा होता आणि हा मागे राहत होता. शाळेनं सुचवलं, ट्यूशन लावा. आई म्हणाली, "मॅडम, मी लोकांची पोरं शिकवते आणि माझं पोर ट्यूशनला पाठवू?" घरी शिकवायचा निर्णय बहुधा त्या दिवशीच झाला. नंतर वाचलेले लेख आणि पाहिलेले व्हिडिओ त्या निर्णयाला आधार म्हणून आले.

सर्वांत कडक विरोध आजोबांचा. ते स्वतः सहावीतून शाळा सोडून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागलेले. त्यांच्या पिढीत पोराचं शाळेतून नाव निघालं म्हणजे ते मागावर बसलं, दुसरा अर्थच नव्हता. "शिकलेल्या घरात पोरगं घरी बसवता?" असं ते सुनेला म्हणाले आणि महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, किती घरांत ही आठवण अजून ओली आहे, ते सोलापूरकरांना सांगायला नको. घरी शिकवणं हा सुखवस्तू घरांचा प्रयोग म्हणून इतर शहरांत खपून जात असेल. इथे शेजारीपाजारी पहिली शंका वेगळीच घेतात: फी भरायला पैसे नाहीत काय?

काय मिळालं

पहिले तीन महिने आईनं पुस्तक पुढ्यात ठेवलं नाही. वडिलांचा जीव खालीवर होत होता, पण पोटदुखी थांबली हे त्यांनाही दिसत होतं. मग तिनं बालभारतीचं तिसरीचं मराठीचं पुस्तक काढलं. पाचवीचं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शाळेत कोणत्याही शिक्षकाला पाचवीतल्या एकाच मुलासाठी दोन इयत्ता मागे जाऊन सहा महिने तिथे थांबणं जमत नाही. घरी ते जमलं. दिवाळीपर्यंत मुलगा पेपरातल्या बातम्या मोठ्यानं वाचून आजीला दाखवायला लागला. दुसऱ्या वर्षी हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेली पुस्तकं दोन-तीन दिवसांत संपायची. पहिलीनंतरचं जे दोन वर्षांचं खिंडार होतं, ते वाचनापुरतं तरी भरून निघालं.

फिरणंही झालं. भुईकोट किल्ला, नान्नजचं माळढोक अभयारण्य (माळढोक दिसला नाही, काळवीट पुष्कळ दिसले), चार हुतात्मा चौक. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, ही चार नावं तो माझ्यासमोर न अडखळता बोलला. फाशी कुठे झाली हे विचारल्यावर "येरवड्याला, सोलापुरात नाही" अशी मलाच दुरुस्ती सुचवल्यासारखं उत्तर दिलं. मी चुकीचं काही बोलले नव्हते, पण असू दे.

सर्वांत दाट शिक्षण मात्र आजोबांकडून आलं, ज्यांचा या सगळ्याला विरोध होता. कारखान्यातून वडिलांनी एक सेकंड माल म्हणून टॉवेल आणलेला. त्यावर ४५० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. आजोबा नातवाला म्हणाले, खरं की खोटं बघ. मुलानं टॉवेल जमिनीवर ताणून टेपनं मोजला: ७५ सेंटीमीटर रुंद, १५० लांब. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घडी घालून ठेवला: ४९५ ग्रॅम. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, भागाकार केला तर ४४०. दहा ग्रॅमची चोरी पकडली म्हणून तो नाचत वडिलांकडे गेला. वडील म्हणाले, महिना कोणता आहे? मे. सूत हवेतला ओलावा धरतं. सुती मालाच्या व्यवहारात साडेआठ टक्के ओलावा गृहीतच धरतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तेवढा ओलावा हवेत शोधूनही सापडत नाही. जुलैत पाऊस लागल्यावर त्यानं तोच टॉवेल पुन्हा तोलला. ५०३ ग्रॅम. त्यानं दोन्ही आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेवलेत. ती वही मी पाहिली.

क्षेत्रफळ, दशांश, भागाकार, हवामान आणि थोडी व्यापाराची अक्कल, एका टॉवेलात. शाळेच्या पस्तीस मिनिटांच्या तासात हे बसत नाही. घरी शिकवण्याच्या बाजूनं मला कुणी एकच पुरावा मागितला तर मी ही वही दाखवीन.

काय सुटलं

त्याच मुलाला मी एका कागदावर तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश एवढं लिहून दिलं. उत्तर आलं पाच नवमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. शिकवण्या घेणाऱ्या आईचा चेहरा पडला. अपूर्णांक तिनं शिकवले होते. त्याला कंटाळा आला, तिनं "नंतर बघू" म्हटलं, आणि ते नंतर आलं नाही. वर्गात न आवडणारी वीस गणितं सगळ्यांबरोबर मुकाट्यानं होऊन जातात. घरी प्रत्येक गणितावर वाटाघाट होते आणि दमलेला माणूस हरतो.

लेखनाचंही तेच. दोन वर्षांत अर्ध्या पानापेक्षा जास्त सलग लिहायची वेळ क्वचितच आली. बोलून सगळं सांगता येतं, मग लिहायचं कशाला? चौथीत ज्या संथ हातामुळे तो मागे पडला, तो हात तसाच राहिला.

मित्रांबद्दल लोक विचारतात तेवढी काळजी मला वाटली नाही. सोसायटीतली मुलं सहानंतर खाली जमायची, हा त्यांच्यात असायचा. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबामुळे कामापुरतं तेलुगूही आलेलं. अडचण वेगळी होती. दिवसभर तो मोठ्या माणसांत असायचा आणि मोठी माणसं त्याचं ऐकून घ्यायची. त्यामुळे बोलण्यात पटाईत, पण आपली पाळी येईपर्यंत थांबायचं नाव नाही. लगोरीत बाद दिलं तर नियमावर वाद घालत बसायचा, आणि बाकीची पोरं चेंडू घेऊन निघून जायची.

आणखी काही दारं बंद झाली, ती आई-वडिलांच्या लक्षातही आली नव्हती. तेव्हा पाचवीला असलेली शिष्यवृत्ती परीक्षा शाळेमार्फत भरायची असायची. जिल्हा क्रीडा स्पर्धेत शाळेचा संघ उतरतो. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला नवोदय विद्यालय आहे, तिथल्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा अर्जही पाचवीच्या मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. मुलाला यातलं काही हवंच होतं असं नाही. पण नको म्हणायची संधीही मिळाली नाही.

आईचा दिवस

"फी तर वाचली ना," हे वाक्य वडील पाऊण तासात दोनदा बोलले. दुसऱ्यांदा मी कागद घेतला. फी वर्षाला ३८ हजार. आईच्या आधी शिकवण्यांच्या तीन बॅचेस होत्या. मुलगा घरी आल्यावर एकच राहिली. महिन्याला नऊ हजार कमी, म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार. वडील स्वतः हिशेबनीस. कागद आपल्याकडे ओढून त्यांनी गुणाकार तपासला आणि गप्प बसले.

पैशापेक्षा तास जास्त गेले होते. सकाळी मुलीचा डबा, नऊला मुलाचा अभ्यास, मध्येच आजीचं औषध, दारावरची बेल. आपल्याकडे तेव्हा पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, त्याची वेळही पक्की नसायची. पाण्याच्या दिवशी वेळापत्रक गुंडाळून ठेवावं लागायचं, कारण बॅरल आणि टाकी भरण्यापुढे भूगोल टिकत नाही. आई हे हसत सांगत होती. मग म्हणाली, "मला दोन वर्षांत एकटीला दुपारी पडायला मिळालं नाही. तो शाळेत असता तर सहा तास माझे होते."

मुलालाही त्याची झळ होती. एकदा गणितावरून दोघांचं वाजलं, तेव्हा तो म्हणाला, "आत्ता तू मॅडम आहेस का आई? ते आधी सांग." शाळेत मार खाल्लेला, रागावून घेतलेला मुलगा घरी येऊन आईकडे गाऱ्हाणं करतो. इथे गाऱ्हाणं ज्या व्यक्तीबद्दल आहे तिच्याकडेच करायचं. त्यावर उपाय होता, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं रोजचा एखादा विषय घ्यायचा. आजोबांनी तो न ठरवता घेतला. वडिलांनी ठरवून घेतला आणि निभावला नाही. घरी शिकवायचा निर्णय "आम्ही दोघांनी" घेतला, असं दोघंही म्हणाले. पण दोन वर्षं तो एकटीनं ओढला.

कागद

शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि दहाव्या कलमानं मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. न घातल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगचा उल्लेखही नाही. घरी शिकवणारी कुटुंबं या मोकळ्या जागेत राहतात. कुणी पकडत नाही, पण कुणाच्या यादीतही नाव नसतं.

यादीत नाव नसण्याचा अनुभव या घराला दुसऱ्या वर्षी आला. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक गुरुजी दारात आले. मुलगा कितवीत? आजी म्हणाली, घरीच शिकतो. गुरुजींच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने: कधीच शाळेत न गेलेला, किंवा अनियमित उपस्थितीमुळे शाळाबाह्य. महिन्याहून जास्त गैरहजर तो शाळाबाह्य, असा हिशेब. वाचनालयाची पुस्तकं फस्त करणारा मुलगा वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या पोरांच्या रकान्यात गेला. आईला ते फार लागलं. मला गुरुजींचं बरोबर वाटतं. बंद दारामागे शिकवलं जातंय की राबवलं जातंय, हे बाहेरून सारखंच दिसतं, आणि सरकारनं संशय घ्यायलाच हवा.

आधीच्या शाळेनं दाखला दिला होता. नवीन शाळेनं नाव ओढून न घेतल्यामुळे ऑनलाइन नोंदीत मुलगा दोन वर्षं 'ड्रॉप बॉक्स'मध्ये, म्हणजे एक शाळा सोडून दुसरीत न पोचलेल्यांच्या यादीत, पडून होता. खरी मेख त्यापुढे. वयानुसार वर्गात थेट प्रवेश मिळतो, एवढं आईनं वाचलं होतं आणि त्यावर ती निर्धास्त होती. पण महाराष्ट्रात २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, आणि वयानुरूप प्रवेश सहावी ते आठवीत हवा असेल तर पाचवीची परीक्षा उत्तीर्ण असणं आवश्यक झालं. याचं शेवटचं उत्तीर्ण झालेलं वर्ष चौथी. नियमावर बोट ठेवलं तर जवळजवळ बारा वर्षांचा मुलगा पाचवीच्या बाकावर. पुढे दहावीला खाजगीरीत्या १७ नंबरचा फॉर्म भरायचा म्हटलं, तरी तिथेही किमान पाचवी उत्तीर्ण लागतेच.

हे टाळता आलं असतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचेही तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत आणि चौदा पूर्ण झाल्यावर तिथून दहावी करता येते, विषय थोडे थोडे सोडवत. घरी शिकवायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी हे विचारते: पाचवीचा कागद कुठून आणणार? अभ्यासक्रमाचं नंतर बोलू.

काय ठरलं

माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगितलं. ती दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. त्या वेळी, त्या अवस्थेतल्या मुलाला शाळेत रेटलं असतं तर वाचनच मेलं असतं. पण ज्या कारणासाठी काढलं ते कारण संपलंय. आता त्याला जे कमी आहे ते नेमकं शाळेत मिळतं: न आवडणारं काम पूर्ण करणं, वेळेत लिहिणं, बाद झाल्यावर बाजूला होणं. आणि आईकडे तिसरं वर्ष काढायची ताकद उरलेली नाही. आईनं मान हलवली. वडील म्हणाले, अजून एक वर्ष बघू या का. आईनं फक्त विचारलं, "अहो, कोण बघणार?"

मुलाला विचारलं तेव्हा त्यानं अट घातली, जुन्या शाळेत नाही. घराजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत सेमी-इंग्रजीची तुकडी होती. मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हाकलून दिलं नाही. पाचवीची परीक्षा घेऊ, पास झाला तर सातवीत बसवू, असं म्हणाले. सुट्टीभर आई आणि मुलगा अपूर्णांकाच्या मागे लागले. जूनमध्ये पेपर झाले. गणित आणि मराठी सहज, इंग्रजी काठावर. नाव सातवीत लागलं.

पहिल्या आठवड्यात तो शाळेतून "काय बे" शिकून आला आणि आजीला म्हणाला. घरात मोठा गोंधळ झाला. मला ते वाक्य प्रगतिपुस्तकातल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा आवडलं. पोटदुखी एकदाच झाली, तीही गणपतीत मोदक जास्त झाल्यामुळे. विज्ञानाच्या सरांना तो आवडतो, कारण प्रश्न विचारतो. इतिहासाच्या बाईंना आवडत नाही, त्याच कारणानं.

पहिल्या सत्रात गणित, विज्ञान चांगलं, हिंदी बेताचं. समाजशास्त्राच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न येत असून सुटले, हात पोचला नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं की पुढच्या वर्षी आठवीची वार्षिक परीक्षा आहे, तोवर वेग आणा. आईनं ऑगस्टपासून दुसरी बॅच सुरू केली आहे, तिसरीसाठी पालकांचे फोन येतायत. त्यामुळे लेखनाचा सराव वडिलांकडे, दर रविवारी सकाळी एक तास, असं घरात ठरलं. पहिले दोन रविवार झाले. तिसऱ्या रविवारी कारखान्यात स्टॉक मोजायचा होता.